अठ्ठावन्नला हातात येणारे पैसे : कागद, तारखा आणि वाटणी

खासगी कंपनीतून अठ्ठावन्नाव्या वर्षी बाहेर पडणाऱ्या माणसाला पीएफ, ग्रॅच्युइटी आणि शिल्लक रजेचे पैसे अशा तीन रकमा मिळतात. शिवाय पीएफ कार्यालयाकडून छोटीशी पेन्शन सुरू होते. पुढची पंचवीस वर्षं यावरच काढायची असतात. बहुतेक घरांत चर्चा होते ती व्याजदराची. प्रत्यक्षात जास्त नुकसान होतं ते कागद जुळत नाहीत आणि तारखा निघून जातात म्हणून. त्यामुळे सुरुवात कागदांपासून करू. वय पंचावन्न असतानाच.

नाव, जन्मतारीख आणि जुनी नोकरी

पीएफच्या सदस्य पोर्टलवर यूएएन, म्हणजे पीएफ सदस्याचा कायमचा क्रमांक, टाकून आत जा आणि स्वतःचं नाव, जन्मतारीख, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव आधार आणि पॅनशी अक्षर न् अक्षर ताडून पाहा. आपल्याकडे गोंधळ ठरलेला असतो. कंपनीने १९९६ साली ‘पाटील सुरेश रामचंद्र’ असं आडनाव आधी घालून लिहिलेलं असतं, आधारवर ‘सुरेश रामचंद्र पाटील’ असतं आणि पॅनवर मधलं नाव नुसत्या आद्याक्षराने असतं. लग्नाआधी नोकरीला लागलेल्या बाईंचं नाव माहेरचं राहिलेलं असतं. जन्मतारखेचं आणखी वेगळंच. शाळेत नाव घालताना गुरुजींनी १ जून लिहिली, आधार काढताना फक्त साल सांगितलं म्हणून तिथे १ जानेवारी पडली. पाच महिन्यांचा हा फरक पैसे काढताना आडवा येतोच, शिवाय अठ्ठावन्न नक्की कधी पूर्ण झाली यावरून पेन्शनचा अर्जही अडकतो.

यूएएन १ ऑक्टोबर २०१७ नंतरचा असेल आणि आधारशी जोडलेला असेल, तर बहुतेक दुरुस्त्या स्वतःच ऑनलाइन करता येतात. पंचावन्नच्या माणसाचा यूएएन सहसा त्याआधीचा असतो, त्यामुळे दुरुस्तीचा संयुक्त अर्ज कंपनीमार्फत जातो. म्हणूनच हे काम नोकरीत असताना उरका. निवृत्तीनंतर एचआरमधला ओळखीचा माणूस बदललेला असतो आणि तुमचा फोन कोण उचलणार, हा प्रश्न असतो.

मग सेवा-इतिहास उघडा. यूएएन २०१४ मध्ये आला. त्याआधीच्या नोकऱ्यांची पीएफ खाती आपोआप जोडली गेली असतील, असं धरू नका. जुनी पगारपावती शोधा. तिच्यावर पीएफ क्रमांक असतो. ते खातं ऑनलाइन ट्रान्सफर अर्जाने सध्याच्या खात्यात आणा. इथे पैशापेक्षाही सेवेची वर्षं महत्त्वाची, कारण पेन्शनला किमान १० वर्षं लागतात आणि पुढे प्रत्येक वर्षाने ती वाढते. पहिली कंपनी बंद पडली असेल तर नेमणूकपत्र, पगारपावत्या, जुन्या पीएफ स्लिपा घेऊन त्या खात्याच्या पीएफ कार्यालयात जावं लागतं. याला महिने जातात. तीन वर्षं आधी सुरुवात करा म्हणतो ते यासाठी.

वारसनोंद तपासा. लग्नाआधी आईचं नाव लावलं असेल तर लग्न झाल्यावर ती नोंद पीएफच्या नियमानुसार रद्दच होते. पोर्टलवर ई-नॉमिनेशनमध्ये पत्नी किंवा पती आणि मुलांची नावं, फोटो, आधार भरा आणि शेवटी ई-सही करा. ई-सही राहिली तर भरलेलं सगळं नुसतं जतन झालेलं असतं, नोंदलं गेलेलं नसतं. बरेच जण इथेच थांबतात.

शेवटच्या तीन वर्षांत काय वाढवायचं

गृहकर्ज असेल तर ते अठ्ठावन्नच्या आत संपेल असा हप्ता ठेवा. याहून जास्त त्यावर बोलण्यासारखं नाही.

हातात थोडे जास्तीचे पैसे उरत असतील तर स्वेच्छेचा पीएफ, म्हणजे व्हीपीएफ, हा या टप्प्यावर सगळ्यात सरळ मार्ग आहे. २०२३-२४ आणि २०२४-२५ या दोन्ही वर्षांसाठी पीएफचा दर ८.२५ टक्के होता. महिन्याला १०,००० रुपये जास्तीचे कापून घेतले तर याच दराने तीन वर्षांत सुमारे ४ लाख जमतात. मर्यादा एकच : तुमचं स्वतःचं पीएफ आणि व्हीपीएफ मिळून वर्षाला अडीच लाखांच्या वर गेलं, तर वरच्या भागाच्या व्याजावर कर लागतो. व्हीपीएफ बहुतेक कंपन्यांत एप्रिलमध्येच बदलता येतो, त्यामुळे मार्चमध्येच अर्ज देऊन ठेवा.

पीपीएफची पंधरा वर्षं याच सुमाराला भरत असतील तर खातं घाईने बंद करू नका. मुदत संपल्यापासून वर्षाच्या आत अर्ज दिला तर ते पाच-पाच वर्षांनी वाढवता येतं आणि व्याज करमुक्तच राहतं. भरणा महिन्याच्या ५ तारखेच्या आत करा. ५ तारखेपासून महिनाअखेरपर्यंतच्या सर्वात कमी शिलकीवर व्याज धरतात, सहा तारखेला भरलेल्या पैशाला त्या महिन्याचं व्याज मिळत नाही.

आरोग्यविमा मात्र याच वेळी, पंचावन्नला, स्वतःचा घ्या. कंपनीचा गटविमा नोकरीच्या शेवटच्या दिवशी संपतो. आधीपासून असलेल्या आजारांसाठीचा प्रतीक्षाकाळ जास्तीत जास्त तीन वर्षांचा असू शकतो. पंचावन्नला पॉलिसी घेतली तर तो काळ कंपनीच्या विम्याच्या छत्राखाली निघून जातो आणि अठ्ठावन्नला तुमची पॉलिसी मधुमेह-रक्तदाबासह पूर्ण कामाची झालेली असते. अठ्ठावन्नला घेतली तर तीच तीन वर्षं उघड्यावर. अर्जात साखर आणि बीपी लपवू नका, एजंट ‘लिहू नका’ म्हणाला तरीही. दावा नाकारला जातो तो याच कारणाने. सत्तरी पूर्ण झाल्यावर उत्पन्न कितीही असलं तरी आयुष्मान वय वंदना कार्डावर वर्षाला ५ लाखांपर्यंतचं संरक्षण मिळतं, ते कार्ड वेगळं काढून ठेवायचंच.

किती मिळणार याचा खरा हिशेब

एक नमुना घेऊ. नोकरी सप्टेंबर १९९६ ते ऑगस्ट २०२६, पूर्ण ३० वर्षं. शेवटचा मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून ४२,०००.

ग्रॅच्युइटी म्हणजे शेवटचा पगार गुणिले १५ गुणिले सेवेची वर्षं, भागिले २६. म्हणजे ४२,००० × १५ × ३० ÷ २६ = ७,२६,९२३ रुपये. सहा महिन्यांपेक्षा जास्तीचा तुकडा पूर्ण वर्ष धरतात, म्हणून २९ वर्षं ८ महिने झाले असतील तरी ३० धरून मागा. इथे हिशेब मूळ पगार आणि महागाई भत्त्यावरून होतो, हातात पडणाऱ्या आकड्यावरून नाही. २० लाखांपर्यंत कर नाही. कंपनीने ही रक्कम देय झाल्यापासून ३० दिवसांत द्यायची असते, उशीर केला तर व्याजासह.

शिल्लक रजा १२० दिवस धरली तर साधारण १,६८,००० रुपये. यातली २५ लाखांपर्यंतची रक्कम करमुक्त आहे.

पेन्शनच्या बाबतीत मात्र सगळ्यांचा अपेक्षाभंग होतो. सूत्र पाहिलं तर सोपं वाटतं : पेन्शनपात्र पगार गुणिले सेवा, भागिले ७०. पगाराची कमाल मर्यादा १५,०००. लोक १५,००० × ३० ÷ ७० करतात आणि ६,४२८ रुपयांचं स्वप्न बघतात. पण १५,००० ही मर्यादा १ सप्टेंबर २०१४ पासूनची. त्याआधीच्या सेवेला ६,५०० धरतात. म्हणजे आधीची १८ वर्षं : ६,५०० × १८ ÷ ७० = १,६७१. नंतरची १२ वर्षं : १५,००० × १२ ÷ ७० = २,५७१. बेरीज ४,२४२. वीस वर्षं पूर्ण केल्याबद्दल मिळणारी दोन वर्षांची वाढ धरूनही साडेचार हजारांच्या आसपास. जास्त पगारावरच्या पेन्शनचा पर्याय ज्यांनी घेतला आणि मंजूर झाला, त्यांचा हिशेब वेगळा.

ही पेन्शन पन्नाशीनंतर लवकरही घेता येते, पण अठ्ठावन्नच्या आधीच्या प्रत्येक वर्षाला ४ टक्के कपात कायमची. उलट साठपर्यंत थांबलात तर वर्षाला ४ टक्के वाढ.

पीएफमध्ये ३६ लाख जमले आहेत असं धरलं तर एकूण हातात सुमारे ४५ लाख येतात.

शेवटचा महिना

अठ्ठावन्न पूर्ण झाल्यावरही तुम्ही नोकरीत राहणार असाल तर एचआरला लेखी सांगा की पेन्शनमध्ये जाणारा कंपनीचा ८.३३ टक्के वाटा आता थांबवून सगळा पीएफमध्ये टाका. पगारपत्रकाच्या सॉफ्टवेअरमध्ये जन्मतारीख चुकीची असेल तर तो वाटा पुढेही जात राहतो, आणि अर्ज केल्यावर ती जादा वर्गणी परत फिरवेपर्यंत पेन्शन अडते.

शेवटच्या महिन्याची वर्गणी कंपनी पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरते. ती पासबुकात दिसल्यावर आणि ‘नोकरी सोडल्याची तारीख’ चढल्यावर मगच अर्ज करा. त्या नोंदीत कारण निवृत्तीचंच हवं, राजीनाम्याचं नको. राजीनामा लिहिला असेल तर थांबायला लागतं. निवृत्तीला तसं थांबायची गरज नाही. पीएफसाठी फॉर्म १९, पेन्शनसाठी १०-डी. दहा-डीला पती-पत्नीचा एकत्र फोटो, दोघांचे जन्मदाखले, पंचवीस वर्षांखालच्या मुलांची नावं आणि बँकेचा चेक लागतो. चेकवर नाव छापलेलं असू द्या. जानेवारी २०२५ पासून पेन्शन कोणत्याही बँकेच्या कोणत्याही शाखेत जमा होते, त्यामुळे फक्त पेन्शनसाठी नवं खातं काढायचं कारण उरलं नाही. दरवर्षी हयातीचा डिजिटल दाखला द्यावा लागतो. तो दिलेल्या दिवसापासून एक वर्ष चालतो, नोव्हेंबरच्या रांगेत उभं राहायलाच हवं असं नाही.

कंपनीकडून आणखी एक कागद मागून घ्या, जो बहुतेक जण मागायला विसरतात. निवृत्तीची तारीख, पद आणि मिळालेल्या निवृत्तीलाभांच्या रकमा लिहिलेलं, सही-शिक्क्याचं प्रमाणपत्र. याचं काम पुढच्याच पायरीवर आहे.

वाटणी

ज्येष्ठ नागरिक बचत योजना साठ पूर्ण झालेल्यांसाठी आहे, हे सगळ्यांना माहीत असतं. पण ५५ ते ६० मधला निवृत्त माणूसही ती घेऊ शकतो. अट अशी की निवृत्तीचे लाभ हातात आल्यापासून तीन महिन्यांच्या आत खातं उघडायचं आणि त्यात निवृत्तीलाभाएवढीच किंवा कमी रक्कम टाकायची. वरचं प्रमाणपत्र पोस्टाच्या किंवा बँकेच्या खिडकीवर दाखवावं लागतं. नेमकी चूक इथे होते. पैसे आले, ‘बघू नंतर’ म्हणून बँकेत वर्षाची मुदतठेव केली, सहा महिन्यांनी कुणीतरी योजना सांगितली, तोवर तीन महिने उलटलेले. मग साठीची वाट. ग्रॅच्युइटी आधी येते आणि पीएफ मागून, तेव्हा सुरक्षित राहायचं तर पहिल्या रकमेपासून तीन महिने मोजा.

दर एप्रिल २०२३ पासून ८.२ टक्के आहे. तो दर तिमाहीला जाहीर होतो, पण तुमच्या खात्याला उघडायच्या दिवशीचा दर पाच वर्षं टिकतो. कमाल ३० लाख. व्याज दर तीन महिन्यांनी, एप्रिल, जुलै, ऑक्टोबर, जानेवारीच्या सुरुवातीला. एक लाखाच्या वरची रक्कम चेकने द्यावी लागते आणि खातं चेक वटला त्या तारखेपासून धरतात, म्हणून तीन महिन्यांच्या शेवटच्या दिवशी चेक घेऊन जाऊ नका. पोस्टात उघडत असाल तर आधी बचत खातं काढून व्याज तिथे आपोआप वळतं करा. न उचललेल्या व्याजावर व्याज मिळत नाही. संयुक्त खातं फक्त पती-पत्नीचं होतं आणि सगळी रक्कम पहिल्या नावाची धरली जाते.

मोडायची वेळ आली तर : वर्षाच्या आत मोडलं तरी कपात होते, एक ते दोन वर्षांत दीड टक्का मुद्दलातून, दोन वर्षांनंतर एक टक्का.

आता ४५ लाखांची एक वाटणी. घर स्वतःचं, जोडपं, विम्याचा हप्ता सोडून महिन्याचा खर्च २२,००० असं धरून.

३ लाख बचत खात्यात आणि छोट्या मुदतठेवींत. हे रात्री दोन वाजता हॉस्पिटलला लागणारे पैसे, त्यांच्याकडून व्याजाची अपेक्षा नाही.

२५ लाख ज्येष्ठ नागरिक योजनेत : वर्षाला २,०५,०००, दर तिमाहीला ५१,२५०, महिन्याला १७,०८३ पडतात. पंचवीस लाखांचं एक खातं न उघडता दहा, दहा आणि पाच अशी तीन उघडा. मधेच गरज पडली तर एकच मोडावं लागतं.

७ लाख पोस्टाच्या मासिक प्राप्ती योजनेत, दोघांच्या नावाने. दर ७.४ टक्के धरला तर महिन्याला ४,३१६. तिमाही व्याजाच्या मधल्या दोन महिन्यांत घर चालायला हा प्रवाह उपयोगी पडतो.

१० लाख म्युच्युअल फंडात, सात वर्षं हात न लावण्याच्या बोलीवर.

पेन्शन धरून महिन्याला सुमारे २५,९०० येतात. खर्च भागून जे उरतं त्यातून विम्याचा हप्ता भरा, बाकीचं आवर्ती ठेवीत टाका. उरतंय म्हणून खर्च वाढवू नका, कारण ६ टक्के महागाईने आजचे २२,००० बारा वर्षांनी ४४,००० होतात आणि व्याजाचा आकडा तेवढाच राहतो. शेवटचे दहा लाख त्यासाठीच आहेत. सगळं पोस्टात ठेवणारा माणूस पहिली सात वर्षं निवांत असतो आणि सत्तरीनंतर मुद्दल खायला लागतो.

ते दहा लाख एका दिवसात शेअरच्या फंडात ओतू नका. जानेवारी २००८ मध्ये २१ हजारांवर गेलेला सेन्सेक्स त्याच ऑक्टोबरमध्ये ९ हजारांखाली होता. आधी लिक्विड फंडात (अल्पमुदतीच्या रोख्यांचा फंड) ठेवून वर्ष-दीड वर्षात दरमहा थोडे थोडे निर्देशांक फंडात (सेन्सेक्ससारख्या निर्देशांकातलेच शेअर घेणारा) किंवा समतोल फंडात (शेअर आणि रोखे दोन्ही घेणारा) वळवा. ‘डायरेक्ट’, म्हणजे एजंटचं कमिशन नसलेली, योजना घ्या. दरमहा ठरावीक रक्कम काढण्याची सोय, म्हणजे एसडब्ल्यूपी, पहिल्या दिवसापासून लावू नका. बाजार पडलेला असताना युनिट विकत राहिलात की बाजार वर येतो तेव्हा युनिटच उरलेले नसतात. एसडब्ल्यूपी पाच-सात वर्षांनी सुरू करा आणि वर्षाला फंडाच्या चार-पाच टक्क्यांच्या आत ठेवा.

विमा कंपनीची आजन्म वार्षिकी, म्हणजे एकरकमी पैसे देऊन मरेपर्यंत मिळणारी ठरावीक रक्कम, हवी का? मूलबाळ नसलेल्या किंवा पैसे सांभाळायचा कंटाळा असलेल्या माणसासाठी काही भाग ठीक. पण एकदा पैसे गेले की सहसा परत फिरता येत नाही आणि रक्कम महागाईबरोबर वाढत नाही. निवृत्तीच्या आठवड्यात बँकेतला गोड बोलणारा अधिकारी जी ‘हमखास’ पॉलिसी पुढे करतो, तिला नाही म्हणा.

पतसंस्थेचं जास्तीचं व्याज

गावात, तालुक्यात प्रत्येकाच्या ओळखीची एक पतसंस्था असते आणि ती बँकेपेक्षा दोन-तीन टक्के जास्त देते. चेअरमन नात्यातले असतात. लक्षात घ्यायची गोष्ट एवढीच : बँकेतल्या ठेवीला, सहकारी बँक धरून, एका ठेवीदाराला एका बँकेत मुद्दल आणि व्याज मिळून ५ लाखांपर्यंत विमा आहे. पतसंस्थेतल्या ठेवीला तो नाही. आणि विमा असला तरी पैसे अडकतात. सप्टेंबर २०१९ मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध आले तेव्हा ठेवीदारांना सुरुवातीला फक्त १,००० रुपये काढता येत होते. म्हणून एका सहकारी बँकेत व्याज धरून पाच लाखांच्या वर जाऊ नका, आणि पतसंस्थेत तेवढंच ठेवा जे गेलं तरी किराणा थांबणार नाही. पोस्टातल्या पैशामागे थेट सरकार असतं.

कर

पाच वर्षांहून जास्त सलग सेवा असेल तर पीएफची रक्कम करमुक्त. निवृत्तीनंतर पीएफ लगेच काढलाच पाहिजे असं नाही, तीन वर्षं त्यावर व्याज मिळत राहतं. पण नोकरी संपल्यानंतरचं ते व्याज करपात्र असतं, आणि ज्येष्ठ नागरिक योजनेची तीन महिन्यांची खिडकी हातची जाऊ शकते.

योजनेचं आणि ठेवींचं व्याज करपात्र आहे. वर दाखवलेल्या उदाहरणात वर्षाचं उत्पन्न सव्वातीन लाखांच्याही आत राहतं. नव्या करपद्धतीत तेवढ्यावर कर शून्य. तरीही एका ठिकाणचं वर्षाचं व्याज साठीच्या आत ५०,००० च्या आणि साठीनंतर एक लाखाच्या वर गेलं की टीडीएस, म्हणजे व्याज देतानाच घेतला जाणारा कर, कापला जातो. तो टाळायला एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात स्वयंघोषणेचा अर्ज द्या, साठीच्या आत ज्याला सगळे पंधरा-जी म्हणतात आणि साठीनंतर पंधरा-एच. प्रत्येक पोस्ट, प्रत्येक बँक वेगळी, प्रत्येक वर्षी नव्याने. राहून गेला तर कापलेले पैसे विवरणपत्र भरून परत मिळतात.

पत्नीच्या नावाने ठेव केली म्हणून कर वाचत नाही, तुम्ही दिलेल्या पैशाचं व्याज तुमच्याच उत्पन्नात धरतात. पण ती साठीची झाली की तिच्या नावाने वेगळं ज्येष्ठ नागरिक खातं जरूर काढा. तिच्या खात्याची ३० लाखांची मर्यादा स्वतंत्र असते.

मुदत संपताना

ज्येष्ठ नागरिक खात्याची पाच वर्षं संपल्याची तारीख स्वयंपाकघरातल्या दिनदर्शिकेवर नाही, कारण ती दरवर्षी बदलते, तर पासबुकाच्या पहिल्या पानावर ठळक लिहून ठेवा. मुदत संपल्यावर खातं तीन-तीन वर्षांसाठी वाढवता येतं, अर्ज वर्षाच्या आत करायचा. अर्ज केला नाही तर जुना दर पुढे चालत नाही, आणि वाढीव मुदतीला मुदत संपलेल्या दिवशीचा दर लागतो. तो जुन्यापेक्षा कमी असू शकतो. म्हणून दोन-तीन महिने आधी तेव्हाचे पोस्टाचे आणि बँकांचे दर शेजारी शेजारी लिहून बघा, आणि त्या दिवशी बायकोलाही सोबत घेऊन खिडकीवर जा. पुढच्या वेळी ती एकटी जाऊ शकली पाहिजे.